लाल डोक्याची खुंटी

तुमच्या घरात एक पिशवी असेल. असणारच! कुठल्यातरी दुकानाची, चुरगळलेली, दाराआडच्या खिळ्याला लटकवलेली. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिच्यात असतात आणि नेमका हवा असलेला कागद तेवढा नसतो. मग आई बाबांवर ओरडते, बाबा पिशवीवर ओरडतात आणि पिशवी पुन्हा खिळ्यावर जाते.

थोरलीच्या घरीही अशी पिशवी होती. तिच्यात पोरांचे जन्मदाखले होते, विजेची जुनी बिलं होती आणि सासऱ्यांनी जाण्याआधी लिहवून घेतलेली एक चिठ्ठी होती. ‘वरचा तुकडा थोरल्याला, खालचा धाकट्याला.’ खाली अंगठा. बस्स! घर, शेत, गोठा, सगळ्याचा पुरावा म्हणजे हा अंगठा.

मोटारीचं शिलाई मशीन घ्यायचं म्हणून थोरली एकदा कर्ज मागायला गेली होती. बँकेतल्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, ही चिठ्ठी आहे. कागद कुठाय?"

हा प्रश्न एकट्या थोरलीचा नव्हता. त्या उतारावर चाळीस घरं होती. आजोबा-पणजोबांपासून लोक तिथं नांगर धरत होते, पण सरकारी दप्तरात अख्खा उतार ‘पडीक’ म्हणून लिहिलेला! पडीक म्हणजे तिथं कुणीच नाही. म्हणजे ही चाळीस घरं, त्यांतली माणसं, त्यांच्या कोंबड्या, सगळं हवेत! उतार फोडायला टपलेला खडीचा ठेकेदार दर हंगामाला गाडी घेऊन यायचा, काच खाली करायचा, उताराकडे बघायचा आणि निघून जायचा. त्याच्या त्या बघण्यानंच वस्तीचं जेवण कडू व्हायचं.

आता थोरलीची ओळख नीट करून देते. दोघा भावांतल्या मोठ्याची बायको म्हणून ती थोरली. शिवणकाम करायची, आणि हात असा की चाळीस घरांत तिनं माप न घेतलेला माणूस शोधून सापडला नसता. घरामागे उताराच्या बाजूला तिची पत्र्याची खोली होती. तिच्यात पायानं चालवायचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि कोळशाची वजनदार इस्त्री. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून दगडी बांध. बांधापलीकडे धाकटीचं शेत.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. नवरा लांबच्या शहरात ट्रक चालवायचा, शेत ती एकटी बघायची. आणि थोरलीच्या मते धाकटीचं सगळंच जरा जास्त होतं! तिचं पीक जास्त हिरवं. तिचे कपडे दोरीवर लवकर वाळणार. तिच्या कोंबड्यासुद्धा अंडं घातल्यावर जास्त मोठ्यानं ओरडणार, जणू काही थोरलीला ऐकवायलाच! दोघी बोलायच्या, हसायच्या, वाटीभर साखर उसनी द्यायच्या. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

त्यात ती शिट्टी आली.

झालं असं, की जमिनीच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळाला. दूरच्या, कधी न पाहिलेल्या लोकांनी दिलेला पैसा, आणि तो फक्त एका कामासाठी: या उताराची मोजणी करायची, नकाशा काढायचा, जमीन कचेरीत दाखल करायचा आणि प्रत्येक घराला पक्का कागद मिळवून द्यायचा. तोही नवरा-बायको दोघांच्या नावानं! संस्थेच्या मोजणीबाई आल्या. उंच, उन्हानं रापलेल्या, पायात जाड बूट, खांद्यावर एक थकलेली चामडी पिशवी. त्यांनी वस्तीतल्याच बायकांना टेप धरायला शिकवलं, दोन तुकड्या केल्या आणि सगळ्यांना हाक मारायला एक प्रमुख नेमली.

धाकटी!

तिच्या गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी आली. सकाळी पुर्रर्र वाजली की बाया टेप घेऊन निघायच्या. पुर्र-पुर्र वाजली की मीटिंग.

"मीटिंगला जा की," थोरलीचा नवरा म्हणाला. "सगळ्या चालल्यात."

"मी शिट्टीवर उठत नाही. मी काय शाळेतली पोर आहे?"

"मग मी जाऊ?"

"जा. आणि नीट ऐकून या."

तो गेला, दोन तासांनी परत आला.

"काय झालं?"

"चांगली झाली."

"अहो, काय सांगितलं?"

"बरंच काहीतरी खुंटीचं. चहा चांगला होता."

मंडळी, इथंच सगळं बिघडलं. त्या मीटिंगमध्ये मोजणीबाईंनी तीन-तीनदा सांगितलं होतं, की एक लोखंडी खुंटी ठोकू, तिचं डोकं लाल असेल आणि सगळी मापं तिथूनच घेऊ. ती कुणाचीही हद्द नाही आणि तिला कुणीही हात लावायचा नाही. वस्तीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. एका थोरलीला सोडून!

मोजणीच्या पहिल्या दिवशी थोरली ब्लाउज पोचवायला गेली होती. पहिल्या तुकडीनं वरच्या अंगाची वीस घरं मोजून टाकली. थोरली परतली तर खोलीच्या दाराशी जमिनीतून लाल डोकं वर आलेलं! रंग अजून ओला. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बांध तर खोलीच्या मागं. मग खुंटी खोलीच्या पुढं कशी?

तिनं बांधापर्यंत पावलं टाकली. एक, दोन, तीन, चार.

"चार पावलं!" ती पुटपुटली. "चार पावलं माझ्यात घुसली ही भवानी! खोलीसकट गिळली!"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवऱ्याला विचारावं? तो चहाचं सांगेल. मोजणीबाईंना विचारावं? त्या तर धाकटीच्याच! शिट्टी कुणी दिली? त्यांनीच ना! हेव्याची हीच तर गंमत आहे, की तो आपल्याला एकही प्रश्न विचारू देत नाही. उत्तरं सगळी त्याच्याकडे आधीच तयार असतात.

भर दुपार होती. वस्ती जेवून आडवी झाली होती. थोरलीनं खुंटी हलवून हलवून उपटली, बांधाच्या पायथ्याशी नेली आणि ठोकायला काही सापडेना म्हणून चक्क इस्त्रीच्या बुडानं ठोकली. ठण्! ठण्! ठण्! बांधापलीकडे धाकटीची कोंबडी दचकून ओरडली. थोरली दचकून खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून, जणू काही कपडेच वाळत घालत होते अशा थाटात, ती आत आली.

संध्याकाळी गुरुजींच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री फिरवली तर पाठीवर लाल डाग उमटला. तिनं तो साबणानं घासला आणि स्वतःशी गाणं म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी आली. मोजणीबाई त्या दिवशी कचेरीत अडकल्या होत्या. त्या बायांनी लाल डोकं शोधलं, ते बांधापाशी सापडलं, तिथून टेप लावला आणि खालची वीस घरं मोजली. पुर्रर्र! झाली मोजणी.

आठ दिवसांनी शाळेच्या मोठ्या खोलीत भिंतीवर नकाशा लागला. ज्याला हरकत असेल त्यानं दोन दिवसांत सांगायचं, असा नियम. लोक नटूनथटून आले. आपलं घर कागदावर बघायचं म्हणजे काय थोडं आहे! बोटं नकाशावर फिरू लागली आणि पाच मिनिटांत भांडणं सुरू झाली.

"माझ्या विहिरीवर तुझी रेघ कशी?"

"तुझा गोठा माझ्या परसात आला तो?"

"मी मेल्यावर ये म्हणावं!"

खालच्या अंगाचं प्रत्येक शेत चार पावलं वर सरकलं होतं. वीसच्या वीस! आणि थोरलीनं आपली जागा शोधली तर काय? धाकटीची हद्द बरोबर तिच्या खोलीच्या दाराशी! म्हणजे मशीन, गठ्ठे, इस्त्री, सगळं धाकटीच्या शेतात. ज्या चार पावलांसाठी तिनं खुंटी उपटली, ती चार पावलं कागदावर आता खरोखरच गेली होती.

"बघितलंत?" ती ओरडली. "मला ठाऊकच होतं! शिट्टीवालीनं साधून घेतलं!"

लोकांना तेवढंच हवं होतं. "खालच्या सगळ्यांचा फायदा, आणि प्रमुख खालचीच!" "शिट्टी काढून घ्या तिची!" धाकटी हात हलवून सांगत होती, "अहो, मी टेपला हातसुद्धा लावला नाही!" पण कोण ऐकतो?

मोजणीबाईंनी जागेवर जाऊन वही ताडून पाहिली आणि परत येऊन एवढंच म्हणाल्या, "खुंटी हलली आहे."

जमीन कचेरीचे साहेब चष्मा पुसत होते. "कधी हलली? मोजणीच्या आधी, मध्ये, की नंतर? वरचा अर्धा खरा की खालचा? हे सांगणारं कुणी आहे?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मग अख्खा नकाशा बाद. उद्या पाच वाजेपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं नाही, तर उतारावर ‘वादग्रस्त’ असा शिक्का बसेल. आणि निधी तर एकाच मोजणीचा आहे म्हणे."

"एकाच," मोजणीबाई म्हणाल्या. "पलीकडच्या डोंगरावरची वस्ती तीन वर्षं रांगेत उभी आहे. उरलेला पैसा तिकडे जाईल."

थोरलीच्या कानात ‘खुंटी हलली’ हे दोनच शब्द घुमत होते. खुंटी आणि नकाशा यांचा संबंध तिला अजून कळला नव्हता, पण काहीतरी भयंकर आपल्या हातून झालंय, एवढं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीबाई तिच्या खोलीत आल्या.

"पट्टा उसवलाय पिशवीचा. दोन टाके घालता?"

थोरलीनं पिशवी घेतली. मशीन खडखड चालू झालं. मोजणीबाईंची नजर खोलीभर फिरली आणि इस्त्रीवर थांबली. तिच्या बुडाच्या कडेला लाल रंग भाजून काळपट झाला होता.

"इस्त्रीला लिपस्टिक लावता वाटतं?"

थोरलीचा पाय मशीनवरच थिजला.

"ती माझ्यात चार पावलं घुसली होती!" तोंडून निघूनच गेलं. "माझ्या दाराशी हद्द ठोकली! मी काय करायचं होतं?"

"ती हद्द नव्हती हो." मोजणीबाई कापडाच्या गठ्ठ्यावरच बसल्या. "बरं, मला सांगा, ब्लाउज बेतताना पहिली खूण कुठं करता?"

"मानेच्या मध्यावर. तिथूनच सगळं मोजायचं."

"आणि अर्धं कापड कापून झाल्यावर कुणी ती खूण सरकवली तर?"

थोरलीनं मनातल्या मनात ते कापड कापून पाहिलं. खांदा कुठं, बाही कुठं, गळा कुठं! डोळ्यांपुढं अख्खा उतार एखाद्या बिघडलेल्या ब्लाउजसारखा उभा राहिला. चाळीस घरांचा! आणि बिघडवणारी कोण, तर वस्तीत मापाला सर्वांत पक्की असलेली बाई!

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली.

"राग चार पावलांचा आला, की शिट्टीचा?"

"शिट्टीचा!" थोरलीचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "बारा वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं पोर वाढलं, मला आधी कळतं. आणि मापाचं काम निघालं तर मला कुणी विचारलंसुद्धा नाही?"

"पहिल्या मीटिंगमध्ये धाकटी हेच म्हणाली होती. आमच्या जाऊबाईंना टेप द्या, म्हणाली, त्यांच्यासारखं माप कुणाला कळत नाही. आम्ही वाट बघितली. तुमचे मालक आले, चहा प्याले आणि गेले."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मोजणीबाईंनी पत्र्यावर टिचकी मारली. "बारा वर्षांत या खोलीला विटा का नाही घातल्यात?"

"उद्या उठवलं तर? कोण वीट घालणार?"

"हेच तर! गरिबी म्हणजे काय नुसता रिकामा खिसा? आपल्याच जागेत पक्की भिंत घालायची भीती, तीही गरिबीच. ज्यांनी हा निधी दिला ना, ते तुम्हाला ओळखत नाहीत, धाकटीला ओळखत नाहीत. त्यांना इतकंच ठाऊक आहे, की पायाखालची जमीन नावावर झाली की माणूस विहीर खणतो, झाड लावतो, पोरीला शाळेतून काढत नाही. तेवढ्यासाठी कुणी कुठूनतरी पैसा पाठवतो. आणि आपण? शेजारणीच्या गळ्यात शिट्टी आहे म्हणून तो मातीत घालतो."

"तुम्ही सांगणार का सगळ्यांना?"

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती चोरी ठरेल. तुम्ही सांगितलंत तर चूक ठरेल." त्यांनी पट्टा ओढून पाहिला. "छान पक्का झाला. येते."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. शाळेची खोली गच्च भरली होती. बाहेर खडीवाल्याची गाडी उभी होती आणि तिची काच खाली होती. धाकटी पुढं आली, गळ्यातली निळी दोरी काढली आणि शिट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "पण मी चोर नाही."

कितीदा मनात रंगवलं होतं थोरलीनं हे! धाकटीच्या गळ्यातून शिट्टी उतरते आहे आणि सगळे बघताहेत. आणि आता ते डोळ्यांसमोर घडत होतं. पण धाकटीचा तो रिकामा गळा तिला बघवेना.

साहेबांनी शिक्का उचलला.

"थांबा!" थोरली किंचाळली. "मी हलवली! खुंटी मी हलवली!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"वरची वीस घरं मोजून झाली, त्याच दुपारी. माझ्या दारापासून चार पावलं खाली, बांधापाशी नेली. दारातलं भोक अजून तिथंच आहे, चला दाखवते. इस्त्रीनं ठोकली. वरचा अर्धा खरा आहे साहेब, तो बरोबरच आहे! खालचा चुकला. ती चूक धाकटीची नाही. माझी आहे."

गुरुजी एकदम उठले. "म्हणजे माझ्या शर्टावरचा तो डाग..."

"तोच," थोरली म्हणाली. कुणीतरी खुदकन हसलं आणि घाईघाईनं खोकलं.

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "म्हणजे फक्त खालचा अर्धा पुन्हा मोजायचा? मग वाद उरतोच कुठं? पण मोजणार कोण? निधी तर एकाच मोजणीचा ना?"

"आम्ही!" मागून कुणीतरी बाई ओरडली. "टेप धरायला आता येतो की आम्हाला!" "मजुरी नको!" "परवापर्यंत देतो!" वरच्या वीस घरांची कामं तर झाली होती, त्यांना काय पडलं होतं? पण पहिले हात त्यांचेच वर झाले. बाहेर खडीवाल्यानं काच वर केली.

या सगळ्या गलक्यात धाकटी मात्र थोरलीकडं नुसती बघत उभी होती. थोरलीनं मान खाली घातली.

"चार पावलांसाठी, जाऊबाई?" धाकटी म्हणाली. "मागितली असतीत तर आठ दिली असती." मग थोडा विचार करून म्हणाली, "नाही, आठ नसती दिली. दोन दिली असती."

अख्खी खोली हसली. थोरली रडता रडता हसली.

"मला फार राग आलाय तुमचा," धाकटी पुढं म्हणाली, आणि ते खरंच होतं, तिचा आवाज कापत होता. "चार दिवस तरी मी बोलणार नाही. आणि ऐका, मीही काही साधी नाही. उन्हात वाकून वाकून पाठ मोडायची तेव्हा तुमच्या मशीनचा आवाज यायचा, आणि मी म्हणायची, बघा, बाईसाहेब सावलीत बसल्यात!"

दोन दिवस खालची वीस घरं पुन्हा मोजली गेली. टेपचं टोक थोरलीच्या हातात होतं आणि तिच्या नजरेतून एक बोटभर चूक सुटत नव्हती. शिट्टी धाकटीच्या गळ्यात होती. ती वाजवताना धाकटी थोरलीच्या कानाजवळ जरा जास्तच जोरात वाजवायची, आणि थोरली गुपचूप सोसायची!

काही महिन्यांनी कागद आले. शिक्क्याचे, पक्के, दोघांच्या नावांचे. थोरलीनं नवऱ्याचं नाव वाचलं, मग स्वतःचं वाचलं, मग स्वतःचं पुन्हा वाचलं. त्याखाली चतुःसीमा लिहिली होती, म्हणजे चारी बाजूंना कोण कोण आहे ते. उताराच्या बाजूला धाकटीचं नाव होतं. ती तशीच उठली आणि बांधावरून ओरडली, "तुझ्या कागदात बघ गं, वरच्या बाजूला कोण आहे?"

"तुम्हीच की!" पलीकडून उत्तर आलं. "नशीब माझं!"

नागरिकहो, हा कागद कधीतरी हातात घेऊन बघा. त्यावर आपलं एकट्याचं नाव कधीच नसतं. आपली जमीन कुठून कुठपर्यंत, हे शेजाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सांगताच येत नाही! शेजाऱ्याचा हक्क पक्का झाला की आपलाही होतो, आणि त्याची खुंटी उपटली की उखडते ती आपलीच भिंत. आपल्या गावासाठी, वस्तीसाठी कुणी मदत पाठवली, तर ती आधी कुणाच्या गळ्यात पडली हे बघत बसू नका. मीटिंगला जा. प्रश्न विचारा. आणि टेपचं एक टोक धरा!

थोरलीनं तो कागद पिशवीत ठेवला नाही. चौकट करून मशीनसमोर लावला. पत्र्यावर नाही हं. नव्या, विटांच्या भिंतीवर.